मख्ख चेहरा कुणाच्या नावावर टाकायचा? ‘व्हॉयेजर’च्या नटसंचाला गुण देताना

दूरचित्रवेडा

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या अंतराळजहाजावरच्या विज्ञानकथा-मालिकेच्या (१९९५ ते २००१, सात सीझन, १७२ भाग) नटसंचाचं मूल्यमापन करायचं आहे. मालिका चांगली की वाईट, हा प्रश्न नाही. प्रत्येक नटाला स्वतंत्र गुण द्यायचे आणि ‘कच्चा दुवा कोण’ ते ठरवायचं.

पहिल्या फेरीत अपेक्षेप्रमाणे चाकोटे (रॉबर्ट बेल्ट्रान) आणि हॅरी किम (गॅरेट वाँग) तळाला गेले. नीलिक्स (ईथन फिलिप्स) आणि केस (जेनिफर लीन) त्यांच्या जरा वर. कप्तान जेनवे (केट मलग्रू), डॉक्टर (रॉबर्ट पिकार्डो) आणि सेव्हन ऑफ नाइन (जेरी रायन) वरच्या तिघांत. हे गुण बहुधा पात्र आवडतं की नाही यावरच पडलेत असा संशय आहे. किम सात वर्षं एन्साइनच (सर्वांत कनिष्ठ अधिकारी) राहिला, नीलिक्स डोक्यात जातो, चाकोटेला शेवटच्या सीझनांत कामच नाही. हे सगळं लेखकांचं पाप झालं. ते नटाच्या खात्यातून वजा कसं करायचं? आणि टूव्हॉक (टिम रस)? व्हल्कन, म्हणजे भावना दाबून ठेवणाऱ्या परग्रहवासी वंशातला, असल्यामुळे त्याचा चेहरा हलतच नाही. मग टिम रसचा संयम आणि बेल्ट्रानचा मख्खपणा यांत फरक नेमका कुठे शोधायचा?

---

पडद्यामागून

संशय बरोबर आहे. आवड आणि अभिनय वेगळे काढायचे तर पूर्ण भागाला गुण देणं आधी बंद करा, प्रसंगाला द्या. प्रत्येक नटाचे तीन प्रसंग निवडा. एक ब्रिजवरचा (जहाजाच्या नियंत्रणकक्षातला) रोजचा, ज्यात त्याला तीन-चार वाक्यांपलीकडे काही नाही. दुसरा दोनच माणसांचा, शांत, किमान दोन मिनिटांचा. तिसरा असा, की ज्यात पात्र स्वतःच्या ताब्यात नाही: कुणी अंगात शिरलंय, स्मृती गेलीय किंवा काळ पुढे सरकलाय. विज्ञानकथा-मालिकांत हा तिसरा प्रकार पैशाला पासरी मिळतो आणि परीक्षकाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

प्रत्येक प्रसंग तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. तिसऱ्यांदा, नट *बोलत नसताना* काय करतो तेवढंच बघा. कच्चा नट हमखास इथे सापडतो, कारण तो ऐकत नसतो, स्वतःच्या पाळीची वाट बघत असतो. खूण अगदी बारीक असते. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच त्याने श्वास घेतलेला असतो, ओठ अर्धवट उघडलेले असतात. वाक्यातला महत्त्वाचा शब्द येऊन गेला तरी डोळ्यांत काही बदलत नाही. बदल होतो तो थेट स्वतःचं वाक्य सुरू होताना.

आणखी एक. चित्रीकरण एका कॅमेऱ्याचं असतं. आधी सगळ्यांचा रुंद शॉट, मग खांद्यावरून, मग जवळून. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करतात. जवळच्या शॉटमधली ‘सुंदर प्रतिक्रिया’ संकलकाने तिसऱ्याच टेकमधून उचललेली असू शकते. म्हणून शक्यतो सर्वांत लांब, न कापलेला शॉट शोधा आणि त्यावर गुण द्या. आठ-दहा सेकंदांचा सलग तुकडा मिळाला तरी पुष्कळ. दर दीड सेकंदाला कट पडणाऱ्या प्रसंगावर नटाला ना शिव्या द्या, ना शाबासकी.

आता तुमच्या तळाच्या जोडीकडे. किमसाठी ‘द शूट’ (तिसरा सीझन) घ्या. किम आणि त्याचा सहकारी पॅरिस तुरुंगात आहेत, डोक्यात बसवलेल्या यंत्रामुळे कैद्यांचा संताप भडकत राहतो. पॅरिसच्या पोटात जखम आहे, आणि किम ज्यावर मेहनत घेत होता ते उपकरण पॅरिसने तापाच्या भ्रमात मोडून टाकलंय. किम पाइप उगारतो. तो वर गेलेला हात आणि खाली न येणारा पाइप, एवढंच बघा. वाँगचं वजन पुढच्या पायावर आहे, खांदा आधी सैल पडतो आणि हात त्यानंतर. इथे ‘आता मी थांबतो’ असा अभिनय नाही. थांबणं घडतं. ज्या नटाला हे जमतं तो मुळातच कच्चा आहे असं म्हणता येत नाही.

त्यानंतर लगेच ‘टाइमलेस’ (पाचवा सीझन) लावा. पंधरा वर्षांनी मोठा, कडवट झालेला किम. इथे वाँगची मर्यादा उघडी पडते. कडवटपणा म्हणून तो आवाज चढवतो आणि वाक्याच्या पहिल्याच शब्दाला चढवतो, त्यामुळे पुढे चढायला जागाच उरत नाही. पंधरा वर्षांचं ओझं बाळगणारा माणूस बहुतेक वेळ आवाज *खाली* ठेवेल, हे त्याला सुचलेलं नाही किंवा दिग्दर्शकाने सुचवलेलं नाही. माझा हिशोब: अंगात ताकद आहे, पट्टी अरुंद आहे. दहापैकी पाच.

---

नेपथ्य_आणि_रंगभूषा

वरच्या पद्धतीत एक भर. आपल्याकडे अभिनयाचे चार भाग पाडलेले आहेतच: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. या मालिकांत आहार्य (वेश आणि रंगभूषा) बाकीच्या तिघांना खातं. गुणपत्रिकेत ते लक्षात घेतलं नाही तर नीलिक्सवर अन्याय होणार.

ईथन फिलिप्सच्या कपाळापासून गालापर्यंत रबराचे तुकडे चिकटवलेले, डोळ्यांत पिवळ्या लेन्स. अशा थराखाली भुवईची बारीक हालचाल मरते. मग नट सगळं मोठं करतो, मान हलवतो, आवाज वर नेतो. मेसमधल्या किरकोळ विनोदाला हेच केलं की बटबटीत वाटतं. पण ‘मॉर्टल कॉइल’ (चौथा सीझन) बघा. नीलिक्स जवळपास १९ तास मेलेला असतो, सेव्हनच्या नॅनोप्रोब्समुळे (शरीरातल्या अतिसूक्ष्म यंत्रांमुळे) परत येतो, आणि आयुष्यभर ज्यावर श्रद्धा ठेवली तो परलोक तिथे नव्हताच हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. इथे फिलिप्सने हालचाल जवळजवळ बंद केली आहे. एरवी सतत नाचणारे हात मांडीला चिकटलेत. रबराखालून दुःख दाखवता येत नाही हे ओळखून त्याने स्थिरतेवर काम भागवलंय. हा हिशोबी नट आहे. पहिल्या सीझनमधला ‘जेट्रेल’ही जोडीला ठेवा, म्हणजे हे एकदाच लागलेला नेम नव्हे हे कळेल.

दुसरा मुद्दा तांत्रिक आहे आणि हमखास विसरला जातो. ‘नेक्स्ट जनरेशन’ ही आधीची ‘स्टार ट्रेक’ मालिका फिल्मवरून नव्याने स्कॅन होऊन हाय डेफिनिशनमध्ये आली. ‘व्हॉयेजर’ चित्रित झाली फिल्मवरच, पण संकलन आणि दृश्य-करामती जुन्या व्हिडिओ दर्जात झाल्या, आणि आपण बघतो तेही तेच. ५५ इंची पडद्यावर ते चित्र ताणलं की रुंद शॉटमध्ये बुबुळं दिसतच नाहीत. मग ‘नेक्स्ट जनरेशन’च्या कप्तान पिकार्डचे डोळे बोलतात आणि चाकोटेचे मुके, असा निष्कर्ष निघतो. लहान पडद्यावर बघा आणि टीव्हीतली चित्र ‘सुधारण्याची’ सोय बंद ठेवा. ती चित्रातला दाणा पुसताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसते.

---

खडूस_प्रेक्षक

एवढ्या सवलती दिल्या तर नापास कुणीच होणार नाही. रबर वजा, संकलन वजा, लेखक वजा, टीव्हीसुद्धा वजा! प्रेक्षकाला संहिता दिसत नाही, नट दिसतो. चाकोटे सहाव्या-सातव्या सीझनमध्ये वाक्यं टाकून मोकळा होतो, हे आवाज बंद न करताही दिसतं. बेल्ट्रानने लेखनाबद्दलची नाराजी मुलाखतींत लपवलेली नाही. पण नाराजी पडद्यावर दिसली तर गुण कापायचेच.

आणि ‘माणसांची कामं करणाऱ्यांना आवरतं घ्यायला सांगितलं होतं’ ही सबब कुणीतरी आणणारच, म्हणून आधीच लिहितो. गॅरेट वाँगने हे जाहीरपणे सांगितलं आहे: परग्रहवासी उठून दिसावेत म्हणून माणसांनी भाव कमी ठेवावेत अशी सूचना होती. मान्य. पण त्याच सूचनेखाली रॉबर्ट डंकन मॅकनील पॅरिस करत होता. तो खुर्चीत बसला तरी माणूस बसल्यासारखा वाटतो. केट मलग्रू तर त्या सूचनेचं काय करायची कोण जाणे, कॉफीचा कप उचलण्यात तिचं अर्धं पात्र उभं राहतं. नियम सगळ्यांना एकच, निकाल वेगळे. मग फरक नटाचाच.

---

पडद्यामागून

पॅरिसचा मुद्दा बिनतोड, घेतला. सूचना ही सबब अर्धीच चालते.

चाकोटेबद्दल मात्र दोन वेगळे दोष तुम्ही एकात घातलेत. *येत नाही* आणि *करत नाही*. गुण दोन्हीकडे जातात, पण शेरा वेगळा लागतो. येतं की नाही हे ‘नेमेसिस’ (चौथा सीझन) सांगतो. चाकोटे एका ग्रहावर व्होरी सैनिकांत अडकतो आणि हळूहळू त्यांच्या शत्रूचा, क्राडिनांचा, द्वेष करायला शिकतो. व्होरींची बोली विचित्र आहे, साध्या गोष्टींना त्यांचे शब्द वेगळे. सुरुवातीला चाकोटे ते फक्त ऐकतो. मधे एखादा शब्द अडखळत वापरतो. शेवटाकडे ते त्याच्या तोंडी इतके सहज येतात की कधी बदललं ते कळत नाही. ही बोलीची चढण बेल्ट्रानने मोजून बांधली आहे. भाग क्रमाने चित्रित होत नसतो, म्हणजे कुठल्या प्रसंगात किती पायऱ्या चढलोय हे त्याला डोक्यात ठेवावं लागलं असणार. शेवटी जहाजावर एक क्राडिन समोर येतो. तो मदत करणारा आहे, हे चाकोटेला समजावून झालंय. तरी तो तिथे थांबू शकत नाही. मान फिरवण्याआधीचा क्षण बघा.

आता मजा. नीलिक्सच्या ‘मॉर्टल कॉइल’मध्येच ट्रान्सपोर्टर खोलीतला (माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणारं यंत्र असलेल्या खोलीतला) प्रसंग आहे: नीलिक्स स्वतःला संपवायला निघालाय आणि चाकोटे त्याला थांबवतोय. बेल्ट्रान इथे ऐकतोय. खरंखुरं. वाक्यं साधी आहेत, तो त्यांत काही भरत नाही, समोरच्या माणसावरची नजर फक्त सोडत नाही. म्हणजे येतं. मग सहाव्या-सातव्या सीझनमधले ब्रिजवरचे पाच-सात प्रसंग ओळीने लावा: तोच माणूस पडद्याकडे बघून आकडा सांगतो, आणि आकडा वाईट आहे की चांगला हे आवाजावरून कळत नाही. त्याला ‘कच्चा’ नाही, ‘असमान’ म्हणा. क्षमतेला सात, सातत्याला तीन. दोन रकाने करा, भांडण मिटेल.

---

वाचिक

आकड्यांवरून आठवलं. या मालिकांतल्या तांत्रिक बडबडीवर स्वतंत्र कसोटी हवी, कारण नटांना सर्वांत जास्त तीच घोळवते. त्या काळच्या ‘ट्रेक’ लेखकांची रीत अशी, की कच्च्या मसुद्यात ‘टेक’ असा नुसता शब्द लिहून जागा सोडायची आणि विज्ञान-सल्लागाराने नंतर तिथे डिफ्लेक्टर, टॅकिऑन वगैरे भरायचं. म्हणजे लेखकालाच त्या शब्दांशी देणंघेणं नव्हतं. नटाला अर्थ कुठून मिळणार?

चांगला नट अर्थ शोधत बसत नाही, दिशा पकडतो. असल्या वाक्यात तीनच गोष्टी असतात: काय बिघडलंय, आपण काय करणार, किती वेळ आहे. जोर क्रियापदावर आणि वेळेवर टाकला की मधली नावं वाहून जातात आणि वाक्य जिवंत राहतं. कच्चा नट नेमकं उलटं करतो. अवघड नाव पाठ केलंय याचा आनंद त्याला होतो आणि जोर त्या नावावर पडतो, ‘टॅकिऑन’ ठसठशीत आणि ‘तीस सेकंद’ पुसट. पडद्याकडे पाठ करून ऐकाल तेव्हा एवढंच टिपा: जोर कुठे? रॉक्सॅन डॉसनची बेलाना या परीक्षेत सगळ्यांत वर येईल. ती यंत्राबद्दल बोलताना यंत्रावर चिडलेली असते, त्यामुळे शब्द काहीही असला तरी चालतो. किम इथे खाली जाईल. शब्द स्वच्छ, पण प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा. बातम्या वाचल्यासारखा.

टूव्हॉकचंही उत्तर कानातच आहे. टिम रसचा चेहरा स्थिर असतो, पण वाक्याचा शेवट बदलतो. जेनवेशी बोलताना तो शेवटचा शब्द किंचित आधी सोडून देतो, नीलिक्सशी बोलताना प्रत्येक अक्षर शेवटपर्यंत पूर्ण करतो, जणू दार लावून घेतोय. संयम म्हणजे हा: आत काहीतरी आहे आणि ते अडवलेलं आहे. मख्खपणात अडवायलाच काही नसतं, म्हणून समोरचा माणूस बदलला तरी सूर तोच राहतो. शंका असेल तर ‘मेल्ड’ (दुसरा सीझन) लावा. खुनी सूडरशी मनं जोडल्यावर टूव्हॉकचा ताबा सुटतो आणि तो ऊर्जापडद्याआडून जेनवेला टोचून बोलतो. एरवी काय काय दाबून ठेवलं होतं त्याची यादीच बाहेर येते. ब्रॅड डूरिफसारखा नट समोर असताना रस कुठे कमी पडत नाही.

---

नेपथ्य_आणि_रंगभूषा

केस राहिली. तिला ‘गोड, कंटाळवाणी’ म्हणून सहा-साडेसहा मिळतात आणि विषय संपतो. ‘वॉरलॉर्ड’ (तिसरा सीझन) न बघता तिला गुण देऊ नका. टिएरन नावाचा जुना हुकूमशहा तिच्या शरीरात शिरतो. लीनने आवाज मुद्दाम घोगरा केलेला नाही, तो मोह टाळलाय. तिने चाल बदलली आहे. एरवी केस खोलीत येते ती कडेने, हात पुढे जुळवून. इथे ती मधोमध चालते, खांदे रुंद, आणि समोरच्याच्या जरा जास्तच जवळ जाऊन थांबते. अंगात शिरण्याच्या भागांचं सोनं हेच: नटाने रोजचं पात्र *जाणूनबुजून* तसं केलं होतं की त्याला दुसरं काही येतच नव्हतं, याचा निकाल लागतो. केसचा रोजचा मऊपणा ही निवड होती. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला लीनला जावं लागलं, किम राहिला. निव्वळ अभिनयाच्या तागडीत हा निर्णय उलटा व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत. पण जेरी रायन आल्यावर भांडायला कुणी उरलं नाही.

रायनसाठी ‘इन्फिनिट रिग्रेस’पेक्षा ‘बॉडी अँड सोल’ (सातवा सीझन) घ्या. पहिल्यात ती क्लिंगॉन, फेरेंगी (दोन्ही परग्रहवासी वंश), लहान मुलगी अशी झपाझप बदलते. ते टाळ्या घेतं, पण ओळखीच्या साच्यांची नक्कल सोपी असते. दुसऱ्यात तिला एका *ठरावीक सहकाऱ्याची* नक्कल करायची आहे. डॉक्टर हा संगणकाने उभा केलेला होलोग्राम; तो तिच्या शरीरात आहे आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा चव कळतेय. केकचा घास तोंडात गेल्यावर हनुवटी वर जाते, भुवया त्याच्या मागोमाग, आणि मग ते स्वतःवरच खूश झालेलं हसू. रॉबर्ट पिकार्डोचं सगळं मोजमाप तिने घेतलंय. गंमत म्हणजे या भागातून पिकार्डोलाही गुण मिळतात. ज्याची नक्कल दोन सेकंदांत ओळखू येते त्याने पात्र किती पक्कं बांधलंय ते आपोआप सिद्ध होतं. चाकोटेची नक्कल करायला सांगितली तर काय कराल? कपाळावर गोंदण काढाल, आणि पुढे?

---

खडूस_प्रेक्षक

शेवटच्या ओळीसाठी +१. दोन रकान्यांची सूचनाही मान्य.

एक राहिलं. सगळे मख्खपणावरच बसलेत, अतिरेकाचं काय? ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला एव्हरी ब्रुक्स नाटकवाला. ‘फार बियाँड द स्टार्स’च्या शेवटी तो कोसळतो तो प्रसंग काहींना थोर वाटतो, काहींना असह्य. वरून तो भाग त्यानेच दिग्दर्शित केला होता, म्हणजे थांबवणारं कुणी नाही. माझी कसोटी: आवाज मोठा झाला तेव्हा *विचार* पुढे सरकला का? ब्रुक्सचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा पुढचं सांगतो, म्हणून तो पास. नुसता आवाज वाढला आणि मुद्दा तोच राहिला तर नापास.

---

दूरचित्रवेडा

सगळ्यांचे आभार. तक्ता बदलला: तीन प्रसंग, दोन रकाने (क्षमता, सातत्य), शिवाय तांत्रिक वाक्याची वेगळी नोंद. नव्या हिशोबात केस वर गेली, नीलिक्स मधे आला, किम तळाला पण एकटाच नाही.

एक शंका. बहुतेकांना एकाच मापाने मोजायला ‘लिव्हिंग विटनेस’ (चौथा सीझन) वापरावा का? ७०० वर्षांनंतरच्या संग्रहालयातली खोटी प्रतिकृती, तिच्यात नटसंचातले बहुतेक जण क्रूर होऊन वावरतात. म्हणजे बहुतेकांचा ‘तिसरा प्रसंग’ एका भागात मिळतो.

---

पडद्यामागून

वापरा, पण पहिला नको, शेवटचा ठेवा. ती पात्रं पराभूतांच्या वंशजांनी रंगवलेली व्यंगचित्रं आहेत, तेव्हा बटबटीतपणा तिथे संहितेनेच मागितलाय. मोठ्याने केलं म्हणून कुणाला गुण देऊ नका. एवढंच बघा की क्रूरपणा रोजच्या पात्रातूनच वाकवून काढलाय की बाहेरून आणून चिकटवलाय. मलग्रू तीच शांत आज्ञा देते, फक्त त्यातली माया काढून घेते. काळे हातमोजे नसते तरी चाललं असतं. दिग्दर्शन टिम रसचं आहे, त्यामुळे टूव्हॉकच्या वाट्याला काय येतं तेही जाता जाता बघा.

आणि ब्रिज हादरतो ते प्रसंग ‘रोजचा प्रसंग’ म्हणून निवडू नका. तिथे कॅमेरा हलवतात आणि नट ठरलेल्या इशाऱ्यावर एका बाजूला झोकांडतात. कुणी आधी पडतो, कुणी नंतर, कुणी उलट्या बाजूला. त्यावर गुण द्यायला बसलात तर सातही सीझन सगळे नापास.